जिन्यातली बाई

बाबांनी चौसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मी शहाण्या मुलीसारखी "छानच की" म्हणाले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातलं एकेक कपाट रिकामं करून पुसत बसले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्या कामाने गेलेल्या गुडघ्यांना व्यायाम शिकवायला ते जिथे जायचे, तिथल्या बाकावर त्यांना या बाई भेटल्या. पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलेल्या, लग्नच न केलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. नोंदणी कचेरीत दोन सह्या झाल्या आणि मी त्यांना काकू म्हणायला लागले. आई म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांनीही तसा आव आणला नाही.

खरी भानगड सुरू केली माझ्या नवऱ्याने. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवून परतलो, आणि तो घराच्या दारात किल्ली लावता लावता म्हणाला, "सांगतो ते ऐकून हसायचं नाही. तुझ्या बाबांची बायको म्हणजे जिनेवाली आहे."

मी अर्थातच हसले.

माझा नवरा औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करतो. डोकं ठिकाणावर असलेला माणूस आहे, एक सिनेमा सोडला तर. 'उलटा जिना' हा अडतीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. आला तेव्हा आठवडाभरही चालला नाही. त्यात एक माणूस कामावरून घरी येतो आणि स्वतःच्या इमारतीचा जिना चढत राहतो. प्रत्येक मजल्यावर त्याचंच दार असतं, पण आत भलतंच काही. एका स्वयंपाकघरात समुद्र, एका खोलीत त्याचीच शोकसभा. आणि या जिन्यात तीनदा एक तरुण बाई दिसते. लांब राखाडी कोट, हातात काही नाही, तोंडातून शब्द नाही. पहिल्या दोन वेळा ती लंगडत उतरते. शेवटच्या वेळी सगळ्यात वरच्या मजल्यावरून येते, भिंतीला तळहात टेकवून त्या माणसाला वाट देते आणि सरळ, मुळीच न लंगडता उतरून जाते. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

एवढ्याशा गोष्टीवर चार हजार लोकांचा एक ग्रुप चालतो. कुणी म्हणतं ती मृत्यू आहे. कुणी म्हणतं ती त्या माणसाची तरुणपणातली आई. एकाने तर चाळीस पानं लिहून दाखवलं होतं की सगळा सिनेमा तिचं स्वप्न आहे. पण सगळ्यात जास्त मतं होती लंगडण्याच्या बाजूने: मेलेली माणसं लंगडत नाहीत, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या दृश्याच्या मध्ये ती मेली.

"आज भाजीचं भांडं घेऊन मी दारातून येत होतो," नवरा म्हणाला, "तर काकू बाजूला झाल्या. तळहात भिंतीला, मान अशी किंचित खाली. तेच!"

"अरुंद दारात सगळेच तसे बाजूला होतात," मी म्हटलं आणि विषय संपवला.

पुढच्या भेटीत त्याने मुद्दामच चहा पिताना त्या सिनेमाचं नाव काढलं. काकूंनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "मी सिनेमे बघत नाही." मग उठून आत गेल्या. आत गॅसवर काहीही नव्हतं, मला ठाऊक होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

त्यानंतर मला सगळंच खटकायला लागलं. भाऊबहीण कोण कोण, असं मी लग्नाच्या वेळी विचारलं होतं, तेव्हा "मी एकटीच" म्हणाल्या होत्या. आता एकदा कपाट आवरताना सहज बोलून गेल्या, "आम्हा दोघींना एकच स्वेटर होता." मी कान टवकारले. "दोघी म्हणजे?" तर म्हणाल्या, "शेजारची एक होती." शेजारणीबरोबर स्वेटर वाटून कोण घालतं? नाही म्हटलं तरी बाबांचं घर होतं ते, आईचं घर होतं. तिथे ताकास तूर लागू न देणारी बाई येऊन बसली होती.

तेव्हा कुठे मी तो सिनेमा नीट बघितला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. चौदा वर्षं लोकांच्या कानांमागे चष्म्याच्या दांड्या वाकवून बसवते आहे. मी चेहरे विसरते, पण कान विसरत नाही. पहिल्या दोन दृश्यांत त्या बाईच्या कानाची पाळी सुटी होती, छान लोंबती. तिसऱ्या दृश्यात पाळी गालाला चिकटलेली.

"ह्या दोन बायका आहेत," मी म्हणाले.

नवरा सोफ्यावरून जवळजवळ खाली आला. दहा वर्षं चार हजार माणसं तो सिनेमा उलटसुलट बघत होती आणि कानाकडे कुणी पाहिलं नव्हतं. पण मला आनंद बिनंद झाला नाही. चिकटलेली पाळी कुणाची, ते मला ठाऊक होतं: काकूंची. मग पहिली कुठे गेली? तिच्या अंगावरचा कोट हिच्या अंगावर कसा आला? आणि ही त्याबद्दल खोटं का बोलते?

पुढे जे केलं ते मीच केलं, त्याचं खापर नवऱ्यावर फोडणार नाही. काकूंना नवा चष्मा हवा होता. दुकानात मोजमापासाठी आम्ही समोरून आणि बाजूने फोटो काढतोच. त्यांचा बाजूचा फोटो मी नवऱ्याला पाठवला. "चेहरा कापून टाक, फक्त कान ठेव," असं बजावून. त्याने तो तसा कापून ग्रुपवर टाकला, तिसऱ्या दृश्यातल्या कानाशेजारी.

दोन दिवसांत गहजब झाला. पहिल्या बाईला गायब केलं, इथपर्यंत लोक पोचले. खरं सांगायचं तर ते वाचताना मला बरं वाटत होतं. माझ्या मनातलं इतक्या लोकांच्या मनात आहे म्हटल्यावर मी काही वेडी नव्हते.

पाचव्या दिवशी दुकानात एक चाळिशीचा माणूस आला. सभ्य, पाठीवर सॅक. त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होता म्हणे. मी तेव्हा जेवायला गेले होते. आमच्या बडबड्या मालकांनी स्क्रू घट्ट केला, आणि त्याने साठीच्या एका बाईंबद्दल विचारल्यावर कौतुकाने सांगून टाकलं की त्या आमच्याच दुकानातल्या मुलीच्या घरातल्या, लिफ्टवाल्यांच्या मिसेस, पलीकडच्याच गल्लीत राहतात.

चार वाजता बाबांचा फोन आला. "दोघं या. आत्ता."

बाबा टेबलाशी बसले होते. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. टेबलावर कागदावर छापलेला तो कानाचा फोटो पडला होता.

"एक माणूस आला होता," बाबा म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी आंघोळीला होतो. हिने दार उघडलं. त्याने हे दाखवलं आणि विचारलं, 'पहिल्या बाईचं तुम्ही काय केलंत?' दारात उभं राहून, हसत हसत."

"बाबा, आम्हाला काय माहीत, कोण..."

बाबांनी बोट ठेवलं. कानाच्या मागे, कोपऱ्यात, आरशाची हिरवी चौकट दिसत होती आणि तिच्यात उलटी उमटलेली दुकानाच्या नावाची पाटी. "हा आरसा मी बसवून दिलाय तुमच्या दुकानात," ते म्हणाले.

नवरा काहीतरी पुटपुटायला लागला, तेवढ्यात काकू वळल्या. माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "ती माझी मोठी बहीण होती." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी बाबांना हळूच विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून. तुला हवं होतं तर विचारायचंस की."

"विचारलं होतं. खोटं सांगितलं त्यांनी."

"तू विचारत नव्हतीस, उलटतपासणी घेत होतीस. जा आता."

दुसऱ्या दिवशी काकू त्यांच्या पोस्टातल्या मैत्रिणीकडे निघून गेल्या. बाबा माझा फोन घेईनात. नवऱ्याने फोटो काढून टाकला, पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. फोटो हटवला म्हणजे कुणीतरी दबाव आणला, असा नवाच तर्क निघाला. मला दुकानात कुणाच्या कानाला हात लावताना लाज वाटायला लागली. एका गिऱ्हाइकाची दांडी मी तीनदा वाकडी बसवली.

बाराव्या दिवशी काकूंचाच फोन आला. "रविवारी दुपारी या. तो सिनेमा घेऊन या."

रविवारी त्यांनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि मग बोलायला बसल्या. पाठ करून आल्यासारख्या बोलत होत्या.

"ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणच्या आजारात तिचा पाय गेला. मी वांड होते, गल्लीतल्या पोरांपुढे तिच्या चालीची नक्कल करून दाखवायचे. एकदा तिने पाहिलं. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी तशी कधी चालले नाही. सिनेमात काम करते हे तिने घरी सांगितलंच नव्हतं. शिवणाच्या क्लासला जाते म्हणायची. त्या दिग्दर्शकाला तिची चाल आवडली होती. पहिल्यांदाच कुणाला तरी आवडली होती. मग तिचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला म्हणाली, उद्या माझं एकच काम राहिलंय, नाही गेले तर मला सगळ्यातूनच काढतील. तू जा. कोट तुला होईल. फक्त माझ्यासारखी चाल. तुला येतंच की."

बाबा खाली बघत होते. त्यांनी हे ऐकलेलं होतं, तरीही.

"गेले. कोट घातला. वरच्या पायरीवर उभी राहिले आणि पाय उचलेना तसा. चार जिने सरळ उतरले. वाटलं, आता ओरडतील. तर दिग्दर्शक म्हणाला, उत्तम, हेच ठेवू. संध्याकाळी ताईने विचारलं, 'माझ्यासारखी चाललीस ना?' मी म्हटलं, 'हो, अगदी तुझ्यासारखी.' ती म्हणाली, 'मग झालं.' आठवडाभरात गेली. आईने बजावलं, त्या सिनेमाचं नाव या घरात काढायचं नाही. मला ते सोयीचंच होतं."

"म्हणजे तुम्ही तो कधीच..." नवऱ्याने विचारलं.

"कसा बघणार? खोटं बोलले ते त्यात सगळ्यांना दिसतंय."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. "काकू, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो, चुकलंच." आणि टीव्हीकडे हात केला. "लावा."

नवऱ्याने आधी फक्त ती तीन दृश्यं लावली. पहिल्यात ताई जिना उतरली. काकू उठून टीव्हीजवळ गेल्या, इतक्या जवळ की आम्हाला काही दिसेना. दुसरं झालं. तिसऱ्यात बावीस वर्षांच्या काकू वरून आल्या, भिंतीला टेकल्या, सरळ उतरून गेल्या.

"लगेच कळतंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," नवरा म्हणाला. "त्याच्यावर तर लोक... म्हणजे त्यांना वाटतं, ती मेली, म्हणून तिचा पाय बरा झाला. ती सुटली, असं म्हणतात."

मी त्याला कोपराने ढोसलं. पण त्या थांबवलेल्या चित्राकडे बघता बघता काकूंना हसू आलं. डोळे पुसत पुसत हसल्या. "ताई असती तर म्हणाली असती, काम धड केलं नाहीस ते नाहीस, वर वाहवा मिळवलीस!"

त्यांच्या परवानगीने नवऱ्याने ग्रुपवर सगळं खरं लिहिलं, ताईचं नाव घालून. तासाभरात उत्तरं यायला लागली. एक म्हणाला, रडवायला रचलेली गोष्ट आहे. दुसरा म्हणाला, घरचे आता पांघरूण घालतायत. तो सॅकवाला माणूस म्हणाला की अपेंडिक्सची नोंद दाखवा. दोघातिघांनी नुसता नमस्कार केला. मी चिडून फोन हातात घेतला, तर काकू म्हणाल्या, "लिहू दे त्यांना. तूही महिनाभर तेच म्हणत होतीस."

मी फोन खाली ठेवला. त्या माझ्याशी पूर्वीइतकंच बोलतात, म्हणजे कमीच. मधून मधून मात्र आता मला खटकेल असं काही बोलून झालं की थांबतात आणि पुढचं सांगून टाकतात.

त्या रविवारी, ती तीन दृश्यं झाल्यावर, त्यांनी अख्खा सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितला. शोकसभेच्या खोलीत बाबांना डुलकी लागली. काकूंना काडीचंही कळत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या समुद्राकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढं पाणी खालच्यांकडे गळत नसेल?" नवऱ्याच्या अंगात आलं. त्या समुद्राचा अर्थ काय, त्यावर किती मतं आहेत, हे तो हातवारे करून सांगायला लागला.

"जरा गप्प बसा," काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "ताई आली."