स्वयंसेवकांना प्राधान्य

सर, प्लेसमेंटचे प्रमुख म्हणून तुम्ही कॉलेजच्या फलकावर खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईतही नाही. शिक्का मारून लिहिलंत. 'नोकरी मेळाव्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांना प्राधान्य.' कशात प्राधान्य, ते मात्र गिळलंत. त्या अर्ध्या वाक्यावर बत्तीस पोरं तुमच्या दारात उभी राहिली. त्यात एक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलगी होती. वर्कशॉपात कुणाचा नट अडला की हाक तिलाच जायची, म्हणून सगळे तिला पाना म्हणायचे.

पानानं तीन आठवडे जिवाचं रान केलं. पोस्टर चिकटवली, कंपन्यांना फोन लावले, वर्गावर्गात फिरली. सोबत तिच्याच वर्गातला भोंगा असायचा. हे नाव त्याला आवाजामुळे पडलेलं. तो पुढे उभा राहून बोलायचा, ही बाकांवर पत्रकं वाटायची. खरंच नोकऱ्या मिळतात का, असं कुणी विचारलं की भोंगा म्हणायचा, मग आम्ही काय हौसेनं राबतोय, आम्हीही तिथेच बसणार मुलाखतीला. तेवढ्यावर पोरं नावं नोंदवायची.

एकेचाळीस कंपन्या यायच्या होत्या. चाळिसांना कोड लिहिणारे हवे होते. पंप बनवणारी एकच होती आणि तिला मेकॅनिकलचे दोघे हवे होते. पानानं सात वेळा फोन करून तिला आणलं होतं. पानाचे बाबा लेथवर काम करायचे. लेकीच्या प्रोजेक्टमधल्या पंपाचं चक्र त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः कातून दिलं होतं. रोज जेवताना ते एवढंच विचारायचे, तुझे पंपवाले काय म्हणतात.

आता नोंदणीचं ऐका. गेल्या वर्षी एकेका पोराची दोनदा नोंद झाली आणि वरच्यांपुढे तुम्ही तोंडावर आपटलात. म्हणून यंदा तुमचा हुकूम निघाला: एक रोल नंबर, एकच नोंद. अर्ज पानानंच बनवला. नंबर टाकायचा आणि 'उमेदवार' किंवा 'स्वयंसेवक' यातलं एक निवडायचं. चालतोय का बघायला तिनं पहिला नंबर स्वतःचाच टाकला आणि 'स्वयंसेवक' निवडलं, प्राधान्य त्यांनाच होतं ना. हिरवी खूण आली. बाई खूश. मग उरलेल्या एकतीस जणांनाही तिनं तसंच भरायला लावलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाच, वर बाकीच्यांनाही एकेक वाटला.

मेळाव्याच्या दिवशी तिला सभागृहाच्या दारावर उभं केलंत. सकाळपासून सहाशे पोरं तिनं आत सोडली. कुणाची टाय नीट केली, कुणाला पेन दिलं. अडीचला गर्दी ओसरली तशी ती भोंग्याला दारात उभं करून पंपवाल्यांच्या टेबलावर गेली.

तिथे पन्नाशीच्या एक इंजिनिअरबाई बसल्या होत्या. त्यांनी तिच्या प्रोजेक्टमधल्या पंपाचा दाब का पडत होता ते खोदून खोदून विचारलं. दहा मिनिटांनी चष्मा काढला, हसल्या आणि तिचं कार्ड यंत्राला लावलं. पडद्यावर लाल पट्टी आली: स्वयंसेवक, मुलाखत नाही.

"अगं, मला तू हवी आहेस," बाई म्हणाल्या, "पण उमेदवारांच्या यादीबाहेरचं कुणी घ्यायचं नाही, असं तुमच्याच कॉलेजनं आमच्याकडून लिहून घेतलंय. चारच्या आत सरांच्या दोन ओळी आण."

पाना पळत तुमच्या खोलीत आली. पाहुणे बसले होते. तुम्ही तिचं ऐकलंत आणि हसलात. प्राधान्य म्हणजे प्रमाणपत्र आधी, जेवणाचं पाकीट आधी, असं समजावलंत. तिची नोंद बदलायची तर स्वयंसेवक एकतीस होणार, आणि बत्तीसचा अहवाल वर गेलाय म्हणालात. शिवाय एकीला सोडलं की सगळेच येतील. तिनंच बनवलेल्या अर्जाचा पासवर्ड तुम्ही आदल्या दिवशी बदलून घेतला होता, तोही सांगितला नाहीत. उलट, समजूतदार आहेस, दार उघडं टाकून येऊ नकोस, असं म्हणून तिला वाटेला लावलंत.

ती दारावर परत गेली. जाणार कुठे? आतून पोरं हसत बाहेर येत होती, तिला थँक्यू म्हणत होती. भोंग्याला तिनं सगळं सांगितलं. त्याचा आवाजच बसला. हळूच म्हणाला, चौदा वर्गांत बोललो गं मी. मग तिच्या हातातली दारावरची नावांची यादी त्यानं ओढून घेतली आणि म्हणाला, तू जा.

चारला वीस मिनिटं होती. पाना आली ती दार न ठोठावता. पाहुण्यांचे कप सरकवून तिनं तुमच्यासमोर कोरा कागद ठेवला.

"नाही म्हणायचं तर म्हणा, सर. पण हसू नका आणि उद्या ये म्हणू नका. इथे कारण लिहा. मी कमी पडले, की तुमचा आकडा?"