माझी पट्टी परत द्या!

मित्रांनो, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुना मनगटाचा पट्टा आहे. कडा कळकटल्यात, पण अजून ताठ आहे. ताठ राहणं हेच माझं काम! माझ्या पोटात धातूची पट्टी आहे, तोच माझा कणा.

मला आणलं मावशीसाठी. घरातल्याच शिवणाच्या दुकानात कापायचं काम तिचं, मशीन तिच्या वहिनीचं. मावशीच्या कॉलरची टोकं इतकी अणकुचीदार, की गिऱ्हाईक दुसरीकडे जायचंच नाही. पण तिच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. सकाळी हात झटकतच उठायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबलीय. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून झोपताना हा पट्टा बांधायचाच. कापताना मध्ये मध्ये थांबायचं. आणि वस्तू हातातून पडायला लागल्या, तर लगेच यायचं."

मी खूश! मनगट दुमडायला बघायचं, मी म्हणायचो, जमणार नाही! मुंग्या कमी झाल्या. मावशी चक्क माझी पाठ थोपटायची.

आणि मग वहिनीला माझ्या उघड्या खिशातून डोकावणारी पट्टी दिसली.

"वन्सं, बघा तर! गोल टोक, गुळगुळीत. कॉलर उलटवून टोकं बाहेर काढायला काय झकास! आपल्या काडीनं कापड फाटतं."

"काढ की मग. दिवसा कुठे लागतेय?"

दिवसा म्हणे! झोपताना परत घालायची आठवण कुणाला? मनगट मजेत दुमडायचं, मी चिंधीसारखा त्याच्यासोबत. वर कौतुक कुणाचं, तर आणखी अणकुचीदार झालेल्या कॉलरचं! असा संताप आला ना!

एक दिवस कापता कापता मावशीची कात्री निसटली. खण्णकन फरशीवर! उचलायला गेली, तर अंगठा धरेना.

"वन्सं, आता करंगळीनं कापा, तीच तेवढी धड आहे," वहिनी हसली, आणि मावशीचा चेहरा बघून कात्री उचलून द्यायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला उचललं. मी मुद्दाम लोंबकळलो, जरा जास्तच!

"याचा कणा कुठाय? आता हयगय केलीत, तर ऑपरेशन."

घरी येताच मावशीनं पट्टी आत सरकवली. "वहिनी, याचं तोंड शिवून टाक. दुहेरी टीप मार."

हळूहळू अंगठा ऐकायला लागला. पण कॉलर पुन्हा काडीनं. परवा एक गिऱ्हाईक दुकानात सगळ्यांसमोर म्हणालं, "टोकं बोथट झाली हो तुमची!"

मावशीचे कान लाल. तिनं ब्लेड उचललं, खुंटीवरून मला ओढलं, ब्लेडची धार टाक्यावर टेकवली. मी ताठ! काप, म्हटलं, पण वाकणार नाही!

ब्लेड धरलेल्या अंगठ्याकडे ती बघत राहिली. मग ब्लेड खाली ठेवलं.

"टोकं बोथट, हात धड. चालत असेल तर शिवून घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा."

गिऱ्हाईक गेलं की हो! मित्रांनो, खरं सांगा, ब्लेड तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय केलं असतं?