जंगलाच्या फाटकावरचा ब्रश

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, भांडी घासायचाही नव्हे. बुटांचे तळवे घासायचा. माझी लाकडी पाठ तडकली आहे आणि राठ केस एका बाजूला कलंडले आहेत. मित्रांनो, एवढ्याशा ब्रशाची कसली आली कहाणी, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण एके दिवशी माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने माझ्या पाठीला भोकं पाडली, दुसऱ्याने त्यांत केसांचे झुबके ठोकले आणि ते सरळ कापले. सगळं इतकं झटपट उरकलं की कुरकुर करायलाही सवड मिळाली नाही. मग जहाजातून मी एका बेटावर आलो आणि हार्डवेअरच्या दुकानात बादल्यांशेजारी लटकून राहिलो. फार तर एखाद्या न्हाणीघराची फरशी नशिबी येईल, अशी माझी समजूत होती.

मला विकत घेतलं ते एका बाईंनी. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला इंजेक्शन दिलं नव्हतं. त्यांचा रोगी म्हणजे जंगल. कुठलं झाड कुणाच्या सावलीत वाढतं, कुणाचं बी कोण पसरवतं, आणि हरवलेलं जंगल परत कसं उभं करायचं, हा त्यांचा अभ्यास होता. माझी पाठ दोन्ही हातांनी वाकवून त्यांनी पाहिली, मी मोडलो नाही, तेव्हा मला पिशवीत टाकलं.

डोंगरावर पोचल्यावर मी पहिल्यांदा हादरलो. डोंगर चांगला हिरवागार दिसत होता. पण ती हिरवाई उसनी होती. कुणी शोभेसाठी, कुणी सरपणासाठी बाहेरून आणलेल्या झाडांनी आणि वेलींनी सगळा उतार गिळला होता. उरलंसुरलं मोकाट शेळ्यांनी फस्त केलं होतं. बेटाची स्वतःची झाडं, जी जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत, ती माथ्याजवळच्या एका घळीत तेवढी उरली होती. सगळी म्हातारी. त्यांच्या पायाशी एकसुद्धा रोप नव्हतं.

डॉक्टरबाईंनी घळीला कुंपण घातलं, एक फाटक बसवलं आणि फाटकाच्या खांबाला मला साखळीने अडकवलं. शेजारी औषधी पाण्याची फवारणीची बाटली ठेवली. नियम साधा होता: आत जायचं तर आधी बूट घासायचे, मग फवारा मारायचा. कारण बुटांच्या खाचांत काय काय दडून येतं ते तुम्हाला सांगूनही पटायचं नाही. मी तिथून गवताचं बी काढलं, किड्यांची अंडी काढली, परक्या उताराची ओली माती काढली. जे डोंगर चढून आलं नसतं, ते माणसाच्या तळव्याला चिकटून आयतं आत शिरायला निघालेलं असे.

बाईंच्या सोबतीला रोपवाटिका सांभाळणारे काका होते. ते बाईंच्या वडिलांचे मित्र. बाईंना त्यांनी कडेवर खेळवलं होतं, त्यामुळे सारं जग डॉक्टरबाई म्हणत असताना ते मात्र "पोरी" अशीच हाक मारत. काका खाली वाटिकेत, भाजून निर्जंतुक केलेल्या मातीत बिया रुजवत आणि रोपं पाठीवरून वर आणत. बाईंनी घळीत शिरलेली परकी झाडं एकदम तोडली नाहीत. एकदम ऊन पडलं तर कोवळी रोपं करपतात, हे त्या आधी जमिनीच्या एका तुकड्यात पाहून चुकल्या होत्या. म्हणून निरुपद्रवी झाडांची सावली तशीच राखायची, खाली आपली रोपं लावायची, ती मोठी झाली की वरचं छत हळूहळू विरळ करायचं, असा त्यांचा बेत होता.

बेत फळला. रोपं काकांच्या खांद्याला लागली. पाखरं परतली. एकदा बाई आतून धावत आल्या आणि कुणीही न लावलेलं, पाखराच्या विष्ठेतून आपलं आपण उगवलेलं रोप सापडल्याचं काकांना ओरडून सांगू लागल्या. काका म्हणाले की आता पाखरांनी आपल्याला पेन्शनीत काढलं म्हणायचं.

माझेही चांगले दिवस होते. एकदा एक बडे साहेब चकचकीत बूट घालून आले. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. फाटक धरून, एका पायावर डगमगत, साहेबांनी माझ्याकडून तळवे घासून घेतले आणि त्यांच्या मागची मंडळी हसू दाबत आभाळाकडे बघत राहिली. नंतर भाषणात साहेब म्हणाले, या जंगलाचा खरा पहारेकरी तो ब्रश आहे. मी कितीतरी दिवस ताठ होतो.

पण कौतुक जुनं होतं, तसा मीही झालो. माझे केस झिजले. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे असा हात फिरवून आत जाऊ लागले. नवा ब्रश आणायचं बाईंच्या मनात होतं. ते मनातच राहिलं. सगळं सुरळीत चाललेलं असताना पहारेकऱ्याकडे कोण बघतं?

त्या सुमारास बेटाच्या पलीकडच्या उतारावर झाडं मरू लागली. मातीतली एक बुरशी मुळं कुजवत होती. कालचं हिरवं झाड बघता बघता तपकिरी पडे. तपासणीसाठी बाईंना बोलावणं आलं. त्या दिवसभर तिथल्या चिखलात फिरल्या आणि तडक आपल्या घळीकडे आल्या. गाडी थांबते न थांबते तोच आतून काकांची हाक आली. वरचं कुंपण तुटलं होतं आणि शेळ्या रोपांत घुसल्या होत्या.

बाई पळत फाटकाशी आल्या. त्यांच्या बुटांवर पलीकडच्या उताराची लाल माती थापलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, नीट पाहिलं. हात अर्धा पुढेही आला. तेवढ्यात काकांनी दुसरी हाक मारली, आणि ज्यांनी हा नियम केला, साहेबालाही सोडलं नाही, त्या बाई मला ओलांडून आत धावल्या. साखळीला धक्का लागून मी खांबावर नुसता आपटत राहिलो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

शेळ्या हाकलल्या, कुंपण सांधलं, रोपं वाचली. दोघं हसत बाहेर आले.

काही आठवडे गेले. मग एका सकाळी फाटकाजवळचं एक जुनं झाड शेंड्यापासून मुळापर्यंत तपकिरी दिसलं. मागोमाग आणखी एक. प्रयोगशाळेतून उत्तर आलं: तीच बुरशी.  ही बाहेरून आत आली तरी कशी, याचा बाईंनी नाना परींनी विचार केला; शेळ्यांच्या गडबडीतली आपली धाव मात्र त्यांच्या ध्यानातूनच गेली होती. बाहेरची माती रोजच्या रोज आत येत होती ती एकाच वाटेने, रोपांच्या मुळांशी. त्यांनी काकांना फाटकाशी गाठलं.

"काका, हे तुमच्या वाटिकेतून आलंय."

"मी सगळी माती भाजून घेतो, पोरी. तुझ्यासमोर घेतो."

"मग काय आकाशातून पडलं?"

 खिशातून वाटिकेची किल्ली काढून काकांनी माझ्या शेजारी खांबावर ठेवली आणि डोंगर उतरून गेले. मी सुन्न झालो. खरं काय ते पाहणारा तिथे मी एकटाच, आणि माझ्यासारख्या मुक्याला कोण विचारणार?

पुढच्या आठवड्यात आणखी कितीतरी झाडं वाळली आणि बाई फाटकात उभ्या राहून घळीकडे बघत होत्या. घळ चढाची असल्याने खालून सगळे शेंडे दिसतात. तपकिरी शेंडे घळभर विखुरलेले नव्हते. काकांची रोपं जिथे दाट लावली होती, तो कोपरा हिरवागार होता. मेलेली झाडं एका ओळीत उभी होती. फाटकापासून निघून, मोठ्या खडकाला वळसा घालून, थेट वरच्या तुटलेल्या कुंपणापर्यंत. बाईंचं बोट हवेत त्या ओळीवरून हळूहळू वर गेलं आणि मध्येच थांबलं. त्या खांबाला टेकून खाली बसल्या. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "ही तर मी धावले ती वाट."

त्या काकांच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मात्र दुसऱ्या दिवशी दोघं चढण चढून एकत्र आले. फाटकाशी काका थबकले.

"मी आणलं, काका. तुमच्यावर आळ घेतला आणि आणलं मी."

काकांनी त्या तपकिरी ओळीकडे पाहिलं. "हाक तर मीच मारली होती," ते म्हणाले.

"हाक तुमची. बूट माझे होते."

काका सवयीने मला घ्यायला वाकले, तर बाईंनी मला आधीच साखळीतून सोडवलं होतं. त्या गुडघ्यावर बसल्या, काकांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्याच्या एकेका खाचेतली माती काढू लागल्या. काका "अगं, राहू दे" म्हणाले, पण पाय त्यांनी मागे घेतला नाही. माझ्या झिजलेल्या केसांवर पाण्याचे थेंब पडत होते, आणि ते फवाऱ्याच्या बाटलीतले नव्हते.

त्या ओळीतली झाडं कापावी लागली. त्यांत घळीतलं सर्वांत म्हातारं झाड होतं; सर्वांत जास्त बिया तेच देत असे. दोन्ही बाजूंना चर खणला आणि ती वाट कायमची बंद केली. बाकीची घळ अजून उभी आहे. किल्ली काकांच्या खिशात परत गेली. खांबावर आता एक नवा, दणकट ब्रश आहे. मी त्याच्या बाजूला खिळ्यावर टांगलेला असतो.

मित्रांनो, एखाद्या रानाच्या दाराशी आमच्यापैकी कुणी दिसला, तर त्याला हसू नका, ओलांडून जाऊ नका. दोन्ही तळवे नीट घासा, मगच पाऊल टाका. उशीर झाला असला तरी घासा. आतून तुमचंच माणूस जिवाच्या आकांताने हाक मारत असलं, तरीसुद्धा.