आत्याच्या दाराची कडी

अर्पितानं आत्याच्या दाराला कडी लावली आणि खुर्चीत मागं रेलून पाहिलं. छान दिसत होती. गल्लीतल्या सगळ्या दारांना कड्या होत्या, फक्त याच दाराला नव्हती. पप्पांकडून राहून गेली असणार. भिंतीतल्या दगडांमधली एकेक चिप न विसरणारा माणूस सख्ख्या बहिणीच्या दाराची कडी विसरला, याचं तिला हसू आलं. समोरच्या बंद दुकानाची कडी तिनं उचलून इथं बसवली होती. ती घातलेली होती, तशीच आली. बोटानं उचलली की निघेल, एवढी सोय तिनं वरून केली.

गाव पडद्यावरचं होतं. खरं गाव भूकंपात गेलं. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि उजाडायच्या आत धाब्याची दगडमातीची घरं अंगावर आली. अर्पिताचे वडील शिवराज तेव्हा उमरग्याला खोली करून शिकत होते, म्हणून वाचले. पुढं त्यांनी मुरुमला कॉम्प्युटर क्लास काढला आणि पोरं शिकवून उरलेल्या वेळात त्या गल्लीची एक छोटी फिल्म केली. पहाट, बंद दारं आणि त्यांच्यासमोरून संथ जाणारा कॅमेरा, बस एवढंच. एकेक चित्र तयार व्हायला मशीन तासन्‌तास कण्हायचं, मध्येच लाइट जायची, की पुन्हा पहिल्यापासून. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात फिल्म दाखवली तेव्हा बायका आपापली दारं ओळखून रडल्या म्हणे.

अर्पिता पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तीच फिल्म तिनं आता नव्या तऱ्हेनं करायला घेतली. आधी चित्रं काढून ठेवायची भानगड नाही. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, मान वळवाल तिकडं गाव तिथल्या तिथं उमटतं आणि पाय नेतील तिकडं जाता येतं. हे कमलबाईआत्याच्या कानावर गेलं. आत्यानं उभ्या जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं अर्पिताचा हात धरून विचारलं, मला माझ्या दारापत्तर जाता येईल का? अर्पितानं शब्द दिला.

पप्पांनी जुन्या फाइली दिल्या, पण तोंड पाडून. कॅमेरा मोकळा सोडू नकोस, होता त्याच वाटेनं जाऊ दे, असं बजावलं. का, तर उगीच. आपलं काम दुसऱ्यानं उसवलं की कुणालाही राग येतो, असं म्हणून अर्पितानं ते कानाआड केलं.

फाइली उघडल्यावर तिनं सहज कॅमेरा एका दाराच्या आत नेला आणि ती थबकली. या कामात कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच बांधतात. दार बंद असेल तर त्यामागं काही करायची गरज नसते. इथं प्रत्येक बंद दारामागं घर होतं आणि घरात माणसं झोपली होती. त्यांच्या गोधड्या संथ वरखाली होत होत्या. कुणाला कधी दिसणार नव्हतं, तरी पप्पांनी साऱ्या गल्लीला श्वास दिला होता. आत्याच्या घरात तिची सासू झोपली होती आणि शेजारची छोटी गोधडी रिकामी होती. आत्याची मुलगी गौरी, भूकंपात गेली तेव्हा पाच वर्षांची, तिथं नव्हती. फिल्म संपते त्याच्या पुढंही फाइलमधला काळ चालूच होता. रिकामाच असेल म्हणून अर्पितानं तो तसाच ठेवला. पप्पांना विचारायचा तिला धीर झाला नाही.

आत्या पहाटे परसाकडं गेली होती, म्हणून वाचली. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, आणि पुढचं कुणी विचारत नसे.

रविवारी दुपारी क्लासला सुट्टी होती. पप्पांनी बाकं भिंतीशी सरकवली, कुणी मध्ये येऊ नये म्हणून आतून दाराची कडी घातली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. अर्पितानं आत्याला चष्मा चढवला. आत्याला दिसेल ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर या दोघांनाही दिसत होतं. आत्या आधी डगमगली, मग पायाला ओळखीची वाट लागल्यागत चालायला लागली. हे कल्याणप्पाचं, हे पिराजीचं, असं पुटपुटत ती पुढं गेली आणि आपल्या दारासमोर थांबली.

"कडी कुणी घातली?"

"मी, आत्या. पप्पा विसरले होते."

पप्पा ताडकन उठून पडद्यापाशी आले. त्यांचा चेहरा बघितल्यावर अर्पिताला कळलं, आपण भलतंच काहीतरी करून बसलो.

"न्हाय," आत्या म्हणाली. "म्याच घातली व्हती. पोरगी अंधारात माझ्या मागं येती म्हणून. आत्ता येते म्हणलं तिला."

अर्पिताला तिथून पळून जावंसं वाटलं.

"म्हाईत हाय, आक्का," पप्पा म्हणाले. "ढिगाऱ्यातनं दार म्याच उकरलं व्हतं."

इतकी वर्षं राख्या झाल्या, दिवाळ्या झाल्या, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून ही बहीणभावंडं जेवली, आणि दोघांनीही हे गिळून ठेवलं होतं. आत्यानं रिकाम्या हवेत हात वर केला. पडद्यावर कडी निघाली आणि चौकटीला लागून वाजली. एव्हाना फिल्मची वेळ संपून फाइलमधला पुढचा काळ सुरू झाला होता.

मग दार आतून उघडलं. अर्पितानं तसं काही केलेलं नव्हतं. उंबऱ्यात एक मुलगी उभी होती, झोपेनं केस विस्कटलेली, अनवाणी.

"पप्पा, ही..."

"केली होती," ते म्हणाले. "फिल्म इथवर न्यायची छाती झाली नाही."

मुलीनं हात वर केला. आत्या वाकली, तिनं एक बोट पुढं केलं आणि दोघी गल्लीतून निघाल्या. आत्या खाली बघून काहीतरी बोलत होती. अर्पिता डोळे पुसत पडद्याकडं बघत राहिली.

गल्लीच्या टोकाला फाइलमधला काळ संपला. गोधड्या थांबल्या. मुलगी एक पाऊल उचललेलं तशीच थिजली. आत्या चालतच राहिली. पडद्यावर मुलगी मागं पडली, घरं मागं पडली, पुढं नुसतं करडं मोकळं रान आलं, जिथं पप्पांनी काहीच बांधलेलं नव्हतं.

आत्याचा हात मात्र पुढंच होता. बोट ताणलेलं होतं आणि खांदा त्या बाजूला झुकला होता.

"हळू की गं," ती हसून म्हणाली. "किती वढतीस."

तशीच ओढली जात ती क्लासच्या दारापाशी येऊन थांबली. अर्पितानं चष्मा काढायला हात पुढं केला. पप्पांनी तिचा हात धरला. मग ते पुढं झाले आणि त्यांनी दाराची कडी काढली.