वकीलसाहेबांचं एकुलतं एक विधेयक

या एका विधेयकातून वकीलसाहेबांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. कायदामंत्र्याची खुर्ची. दारावर पितळी पाटी. सरकारी बंगला, आणि त्या बंगल्याला असं ऐसपैस फाटक की दोन मोटारी शेजारी शेजारी आत जाव्यात आणि तरी मधून एखादा सायकलवाला घंटी वाजवत निघून जावा. शिवाय मेव्हण्याचं तोंड कायमचं बंद. ही शेवटची बाब साहेब कुणाला बोलून दाखवत नसत, पण मनातल्या तराजूत ती खुर्चीला फारशी हार जात नव्हती.

एवढ्या सगळ्यासाठी त्यांनी घातलं काय होतं? रविवारची एक सकाळ, आणि कपाटातला एक जुना दावा. त्यातली पक्षकारांची नावं खोडून त्यांनी विधेयकाचा मसुदा केला होता. नवीन काही लिहायचं म्हटलं की साहेबांना घाम फुटे.

आमदारकीची ही त्यांची पाचवी खेप. चोवीस वर्षांत त्यांनी स्वतःचा एकही कायदा आणला नव्हता; दुसऱ्यांचे मात्र भरपूर पाडले होते. पद्धत साधी होती. सगळ्यांची भाषणं संपली की साहेब उठत, काळ्या कोटाची बटणं लावत आणि विचारत, "जुन्यात काय वाईट होतं?" याला उत्तर तयार करून कुणीच आलेलं नसे. शाळांच्या नव्या वेळा, अर्जांचे नवे नमुने, सगळं या एका प्रश्नावर आपटलं. सभागृहात लिफ्ट बसवायलाही त्यांनी विरोध केला होता. लिफ्ट बसली, तरी वर्षभर ते हट्टाने जिने चढले. मग गुडघे बोलायला लागले तेव्हा लिफ्टमध्ये शिरून म्हणाले, "आता हिची वहिवाट पडली. आता हरकत नाही." मागच्या बाकांवरची मंडळी त्यांना 'ब्रेक' म्हणत, आणि साहेबांना ते कौतुक वाटे.

मत द्यायला प्रत्येकाच्या बाकावर दोन बटणं होती, हिरवं आणि लाल. साहेबांचं लाल बटण झिजून दोनदा बदलावं लागलं होतं. हिरव्यावरची पारदर्शक पट्टी, कारखान्यातून येते ती, अजून निघालेली नव्हती.

पक्ष विरोधात होता तोवर हे सगळं शोभून दिसलं. पण तीन महिन्यांपूर्वी आधीचं सरकार मुदतीआधीच पडलं, पक्ष कसाबसा सत्तेवर आला आणि पक्षप्रमुखांनी साहेबांना बोलावून घेतलं.

"वकीलसाहेब, कायदा खातं तुमच्याशिवाय कुणाला द्यायचं? पण लोक विचारतात, या माणसाने आजवर आणलं काय? एक तरी विधेयक तुमच्या नावावर मंजूर होऊ द्या. त्याच संध्याकाळी शपथ."

"नवं विधेयक?" साहेबांनी जरा खाकरून विचारलं.

"जुन्याबद्दलचं आणा की!"

हे मात्र पटलं. जुन्या बाजारातले दुकानदार रस्तारुंदीकरणामुळे धास्तावलेले होतेच. साहेबांनी त्यांच्यासाठी 'वहिवाट संरक्षण विधेयक' बेतलं. कलम एकच: जी गोष्ट वीस वर्षांहून अधिक काळ एका जागी चालत आली आहे, ती कुणालाही तिथून हलवता येणार नाही. कुणालाही, या शब्दाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली.

आता फाटकाचं सांगायला हवं.

साहेबांच्या घराचं जुनं दार मागच्या गल्लीत होतं. तिसऱ्यांदा निवडून आल्यावर त्यांनी मोटार घेतली, आणि मोटार आत यावी म्हणून मोठ्या रस्त्याकडची भिंत फोडून लोखंडी फाटक बसवलं. जन्मभरात त्यांनी केलेला हा एकमेव बदल. तो नेमका एका टपरीच्या पाठीमागे निघाला. टपरी किल्लीवाल्याची, फाटकाच्या कितीतरी आधीपासून भिंतीला टेकून उभी. साहेबांना वाटलं होतं, आमदाराचं फाटक म्हटल्यावर टपरी आपोआप सरकेल. टपरी जागची हलली नाही. गेली अकरा वर्षं मोटार कोपऱ्यावर उभी राहत होती, आणि गेली अकरा वर्षं साहेब स्वतःच्याच वतीने कोर्टात टपरी हटवायचा दावा चालवत होते. समोरून किल्लीवाल्याचा वकील म्हणून उभा राहत होता त्यांचा सख्खा मेव्हणा.

विधेयक मताला यायच्या आदल्या रविवारी हा मेव्हणा नाश्त्याला हजर झाला.

"ताई, आज भावोजींचं तोंड गोड कर," खुर्ची ओढत तो म्हणाला. "माझा खटला सुटला."

"कुठला?" साहेबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"आपलाच. टपरी सव्वीस वर्षांची, कायदा विसाचा. तुमचं विधेयक पास झालं की दुसऱ्या दिवशी कोर्टात नेऊन ठेवतो. भावोजी, रेघसुद्धा तुम्हीच मारलीत हो. मला काही कामच ठेवलं नाहीत."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. साहेबांनी विधेयक मागवलं, चष्मा पुसला आणि ते एकच कलम तीनदा वाचलं. एखाद्या अशिलाने आपल्याला अंधारात ठेवून सही घ्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. फरक एवढाच, की अशील तेच होते.

"मागे घ्या मग," बाईसाहेब म्हणाल्या.

"आणि मंत्रिपद?"

"नका घेऊ. नाहीतरी त्या बंगल्यात मला यायचं नाहीये. इथे किल्लीवाला दारात आहे म्हणून तर घरात चोरी नाही. तुम्ही महिन्यातून तीनदा किल्ली हरवता, ती कोण करून देतो? कायदामंत्री?"

मेव्हणा खाली बघून हसला. साहेब तडक उठून आतल्या खोलीत गेले. पण घरच्यांना वाटलं तसे ते रागावलेले नव्हते, मोजत होते. एका पारड्यात हे फाटक, दुसऱ्यात सरकारी फाटक. मंत्री झाल्यावर या फाटकातून आत यायचंय कुणाला? राहू दे टपरी. जेवायच्या वेळेपर्यंत निर्णय झाला: विधेयक पास करायचं, घर सोडायचं, आणि जाताना किल्लीवाल्याला हसून हात करायचा.

मतदानाच्या दिवशी साहेब बोलायला उभे राहिले ते तीन तास खाली बसले नाहीत. असं भाषण त्यांनी पूर्वी केलं नव्हतं, कारण पूर्वी कशाच्या बाजूने बोलायची वेळच आली नव्हती. "जे वीस वर्षं आपल्या जागेवर उभं आहे," ते कडाडले, "त्याला ऊठ म्हणणारा हात कायद्याचा असूच शकत नाही! मग तो हात कितीही मोठ्या माणसाचा असो!" बाकं वाजली. समोरच्या बाजूचे दोघे जागे झाले. लघुलेखकाने शब्द न् शब्द उतरवून घेतला.

मग सगळे आपापल्या जागी सावरून बसले. मतं काठावर होती; साहेब धरून एकाहत्तर विरुद्ध एकोणसत्तर. साहेबांनी नखाने हिरव्या बटणावरची पट्टी आधीच सोलून ठेवली होती. हिरवं, हिरवं, असं ते मनात घोकत होते. अध्यक्षांनी नेहमीच्या संथ आवाजात वाचलं, "सन्माननीय सदस्यांनी मांडलेला नवा कायदा..."

'नवा' हा शब्द कानावर पडला मात्र, चोवीस वर्षांची सवय झालेलं बोट साहेबांना न विचारता निघालं आणि लाल बटणावर जाऊन बसलं.

फळ्यावर आकडे उमटले. सत्तर. सत्तर.

"अध्यक्षमहाराज! चुकून... माझं बोट..."

"मत एकदा दिलं की बदलता येत नाही, वकीलसाहेब," अध्यक्ष म्हणाले. "ही प्रथा आहे."

"पण निर्णायक मत आपलं आहे!"

"आहे ना. आणि समसमान झाल्यास अध्यक्षांनी जैसे थेच्या बाजूने मत द्यावं, हीही प्रथाच. ती बदलायचं घाटत होतं तेव्हा आपणच दोन तास बोलला होतात. मी तेव्हा मागच्या बाकावर होतो. फार पटलं होतं मला."

विधेयक पडलं. मागून कुणीतरी आदराने म्हणालं, "ब्रेक लागला!" पक्षप्रमुखांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. संध्याकाळी कायदा खात्याची शपथ झाली ती पक्षात नुकत्याच आलेल्या एका तरुण आमदाराची.

घरी परतताना साहेबांनी स्वतःची एकच समजूत घातली: खुर्ची गेली, पण कायदाही गेला, म्हणजे टपरीला आधार उरला नाही. निदान फाटक तरी आपलं. त्याच आठवड्यात दाव्याची तारीख होती आणि ते कोर्टात जवळजवळ उत्साहाने गेले.

मेव्हण्याने कायद्याचं नावही काढलं नाही. त्याने सभागृहाच्या कामकाजाची छापील प्रत पुढे केली. न्यायाधीशांनी खुणेचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. कडाडणं तेवढं वगळलं.

"हे आपलंच भाषण ना, वकीलसाहेब?"

"वाक्यं माझी आहेत," साहेब म्हणाले. "पण ते विधेयक नामंजूर झालं."

"नामंजूर विधेयक झालं. आपलं म्हणणंही नामंजूर झालं का? मग अकरा वर्षं आपण कोर्टाला जे सांगत आलात ते खरं धरू, की सभागृहाला तीन तास सांगितलंत ते?"

साहेबांनी कोटाची बटणं लावली. उत्तर तयार करून ते आलेले नव्हते.

निकाल लहानसा होता. टपरी आधीची, फाटक नंतरचं. टपरी राहील, फाटक कायमचं बंद करून त्याला कुलूप लावावं, दाव्याचा खर्च वादीने सोसावा.

आता शेवटची मांडामांड. पक्षप्रमुखांचं काही गेलं नाही. त्यांना मंत्री मिळाला. बाईसाहेबांना घर सोडावं लागलं नाही. मेव्हण्याकडे तेव्हापासून टपरीवाल्यांची रीघ लागली आहे, आणि रविवारचा नाश्ता तो अजून बहिणीकडेच करतो. किल्लीवाला होता तिथेच आहे. खुर्ची, फाटक, दाव्याचा खर्च आणि रोज कोपऱ्यापर्यंतची पायपीट, हे सगळं एकट्या वकीलसाहेबांच्या नावावर पडलं. फाटकाचं कुलूपही त्यांनाच घ्यावं लागलं, अर्थात समोरच्याच टपरीवरून.

"दोन किल्ल्या देतो साहेब," किल्लीवाला म्हणाला, "तुमची हरवतेच. आणि तुम्हाला दर जुनाच लावतो."

साहेबांनी खिशात हात घातला. जुन्या दराला काय हरकत घेणार? मुकाट्याने पैसे मोजले.