सत्यभामाबाईंची साक्ष

"पेशंट काय करतात?" हवालदाराने विचारलं.

काकासाहेब मोकासे दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. आत त्यांच्या पत्नीच्या, सत्यभामाबाईंच्या, उजव्या हातावर शस्त्रक्रिया चालू होती. हवालदार अपघाताचा जबाब लिहून घेत होता. नाव, वय, पत्ता झाला होता.

"काही करत नाही. घरीच असते," काकासाहेब म्हणाले.

हवालदाराने तसंच लिहून घेतलं. वाचकहो, यात काकासाहेबांचं काही चुकलं, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. कसं वाटणार? हेच वाक्य आपणही शाळेच्या प्रवेशाच्या वेळी, बँकेच्या खिडकीशी, पाहुण्यांच्या बैठकीत किती वेळा बोललो असू!

त्या दिवशी सत्यभामाबाई देवगाव रंगारीहून परतत होत्या. दिराच्या घरचा कार्यक्रम आटोपून त्या एसटीने छत्रपती संभाजीनगरला आल्या, तेव्हा अंधार पडला होता. हातात दोन जड पिशव्या होत्या. मुलगी तनुजा हिने घरूनच मोबाईलच्या अ‍ॅपवर गाडी बुक करून दिली. "मम्मी, रिक्षासाठी भांडत बसू नको. गाडी दारापर्यंत आणून सोडंल," ती म्हणाली होती.

गाडीचा चालक शिवराज, चोविशीतला पोरगा. जालना रोडवर त्याच्या मोबाईलवर पुढच्या भाड्याची सूचना आली. ती घ्यायला त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला, नजर खाली घातली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टँकरवर गाडी जाऊन आदळली. शिवराजच्या कपाळाला खोक पडली. सत्यभामाबाईंचा उजवा हात कोपरापासून चिरडला. हाड डॉक्टरांनी जोडलं, पण हाताच्या नसा कायमच्या निकामी झाल्या होत्या. बोटं मिटेनात.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आत्याबाईंची कूस कोणी बदलली का?"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, सारजाबाई. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं आणि काही वर्षांपासून त्या अंथरुणाला खिळून होत्या.

शिवराज डोक्याला पट्टी बांधून भेटायला आला. काकासाहेबांचे पायच धरायला लागला. "काका, केस नका करू. घरी मायच आहे फक्त. मी आयुष्यभर तुमचे उपकार विसरणार नाय."

काकासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मनाने वाईट नव्हते. त्यांना त्या पोराची दया आली. "जाऊ दे, आपसात मिटवून टाकू," असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. पण कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्यांना आग्रहाने अदालत रोडवर अ‍ॅडव्होकेट करुणा दाभाडे यांच्याकडे नेलं.

करुणाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दया जरूर करा, काकासाहेब. पण दावा म्हणजे त्या पोराचं घर लुटणं नव्हे," त्या म्हणाल्या. "गाडीचा विमा असतो तो याच दिवसासाठी. भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. आणि ज्या अ‍ॅपने गाडी पाठवली, त्याच्या कंपनीलाही आपण विचारू, की गाडी चालवता चालवता भाडं स्वीकारायला लावणारी तुमची ही कसली पद्धत? आपसात मिटवलं, तर हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. उद्या दुसरी गाडी, दुसरा टँकर, दुसरी बाई! आणि उशीर करू नका. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला बरा."

"बरं, करा दाखल. दवाखान्याचा खर्च निघाला तरी लई झालं," काकासाहेब म्हणाले. "बाकी तिची काही कमाई नव्हतीच. त्यामुळं तसं नुकसान काही नाही."

करुणाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नुकसान नाही? तुमच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं? तुमच्या आईचं कोण करत होतं?"

"तीच. पण ते घरचंच काम ना, मॅडम."

"घरचं आहे म्हणून ते काम नाही का? कारखान्यातलं एखादं यंत्र बंद पडलं तर तुम्ही नुकसान मोजता. इथं एका माणसाचा हात गेलाय! घर सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टांना किंमत आहे, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मान्य करायचं राहिलंय ते आपल्या घरांनी."

काकासाहेबांनी मान डोलावली, पण मनातून त्यांना हा वकिली डावच वाटला. दावा दाखल झाला.

घरी मात्र सगळं हळूहळू उसवत चाललं होतं. सारजाबाईंसाठी ठेवलेल्या बाया यायच्या आणि चार दिवसांत काम सोडून जायच्या. तनुजा कॉलेज बुडवून आजीजवळ बसायची. काकासाहेबांनी रजा घेतली, पण आईला उचलायचं कसं, चादरीला चुणी राहू द्यायची नाही ती कशी, पेज घशात न अडकता भरवायची कशी, यातलं त्यांना काहीच येत नव्हतं. सत्यभामाबाई एका हाताने धडपडायच्या. एकदा सासूला कुशीवर वळवताना त्या स्वतःच कोसळल्या आणि जोडलेलं हाड पुन्हा दुखावून बसल्या. मग डॉक्टरांनी त्यांना सक्त मनाई केली.

एके दिवशी सारजाबाईंच्या पाठीवर रुपयाएवढी लाल खूण दिसली. पुढच्या आठवड्यात तिची जखम झाली. औषधं झाली, हवेची गादी आणली, पण जखम खोल खोल जात राहिली. घरात तिचा वास भरला. तनुजा बाहेर अंगणात जाऊन रडायची.

शेवटच्या दिवसांत सारजाबाई आपल्या चांगल्या हाताने सुनेचा तो लुळा हात धरून ठेवायच्या. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द फुटायचे, "लई... लई केलं गं माझं..."

ऐन वैशाखात त्या गेल्या. नातेवाईक म्हणाले, "वय झालं होतं. सुटली बिचारी." त्यानंतरही कितीतरी रात्री सत्यभामाबाई मात्र दचकून उठायच्या, त्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि परत येऊन आडव्या व्हायच्या.

दावा सुनावणीला आला तो दुसऱ्या हिवाळ्यात.

मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या खोलीत आधी सत्यभामाबाईंची साक्ष होती. करुणाताईंनी त्यांना बजावलं होतं, "ताई, घाबरू नका. दिवसभर तुम्ही काय काय करत होता, ते सगळं सांगा." त्यांनी मान हलवली होती. पण समोर न्यायाधीश, कडेला काळे कोट, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं फक्त आपलं बोलणं ऐकायला थांबलेली! त्यांनी डाव्या हाताने उजव्या हातावर पदर ओढून घेतला.

विमा कंपनीचे वकील सौम्यपणे विचारत होते. "बाई, अपघाताच्या आधी तुम्ही नोकरी करत होता?"

"नाय, साहेब."

"शिवणकाम, खाणावळ, असा काही व्यवसाय?"

"नाय."

"मग काय करत होता?"

सत्यभामाबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, "काय नाय, साहेब. घरीच असते मी."

करुणाताईंनी डोळे मिटून घेतले. वकिलांनी समाधानाने कागद उलटला.

दाराजवळच्या बाकावर बसलेल्या काकासाहेबांनी मात्र ते शब्द ओळखले. हे शब्द तिचे नव्हते! हे त्यांचे होते. लग्नापासून चारचौघांत त्यांनी इतक्या वेळा ते उच्चारले होते, की तिने ते खरेच मानले होते. देवाशपथ खरं सांगायचं म्हटल्यावर तिला तेच खरं वाटलं होतं.

त्यानंतर त्यांची स्वतःची साक्ष झाली.

"तुमच्या पत्नीची साक्ष तुम्ही ऐकलीत," वकील म्हणाले. "अपघाताच्या दिवशी तुम्हीही पोलिसांना हेच सांगितलं होतं, की त्या काही करत नाहीत. बरोबर?"

"सांगितलं होतं."

"म्हणजे त्यांचा हात गेल्यामुळे, औषधोपचार सोडले तर, तुमच्या घराचं काही नुकसान झालेलं नाही. हो की नाही, एवढंच सांगा."

काकासाहेबांनी कठडा घट्ट धरला. त्यांनी बाकावरच्या बायकोकडे पाहिलं.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"नाय, साहेब! चूक झाली माझी!" काकासाहेबांचा आवाज एकदम फुटला. "खोटं बोललो मी पोलिसांना. तवा मला कळलंच नाय, की मी खोटं बोलतोय. माझी माय अंथरुणाला खिळून होती. वर्षानुवर्षं, साहेब! पण तिच्या पाठीवर ओरखडा नव्हता. घडीघडीला तिची कूस ही बदलायची. रात्री मी घोरत पडलेला असायचो, अन् ही उठून तिला वळवायची. सकाळी पुन्हा माझा डबा तयार. मी कधी विचारलं नाय, की तू झोपली कधी?"

न्यायाधीशांनी हाताने खूण करून त्यांना पुढे बोलू दिलं.

"हिचा हात गेला. आम्ही बाया ठेवल्या, मी रजा टाकली, पोरीचं वर्ष वाया गेलं. तिघा-चौघांनी मिळून एकटीचं काम आवरलं नाय आमच्याच्यानं. आईच्या पाठीला जखमा पडल्या, हाडं दिसाया लागली. वास यायचा, साहेब... गेली ती." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "तुम्ही म्हणता ही काहीच करत नव्हती. मग माझी माय कशानं गेली, ते सांगा मला!"

विमा कंपनीचे वकील हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. "आणखी प्रश्न नाहीत," ते हळूच म्हणाले.

सत्यभामाबाई बाकावर बसून रडत होत्या. आवाज न करता, तोंडावर पदर धरून.

कोर्टातून घरी जाताना दोघं रिक्षात बसले. काकासाहेबांना वाटत होतं, आपण आज फार मोठं काही केलं, मन हलकं झालं. तेवढ्यात सत्यभामाबाई म्हणाल्या, "हे घरात काहून नाय बोलले कधी?"

काकासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आत्याबाईंना तोंड उघडाया किती कष्ट पडायचे. तरी त्या बोलायच्या. दमलीस गं, म्हणायच्या. त्या एका शब्दावर माझा दिवस जायचा. तुमचं तर तोंड धड होतं ना? तुम्हाला बोलायला कोर्ट काहून लागलं?"

सिडकोतलं घर येईपर्यंत काकासाहेब बाहेरच्या वाहनांकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांना आवरता आलं नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला. घर सांभाळणं हे काम आहे, त्या कामाचा हात गेला तर ते खरंखुरं नुकसान आहे, असं न्यायाधिकरणाने स्पष्ट लिहिलं आणि विमा कंपनीबरोबर अ‍ॅपवाल्या कंपनीलाही भरपाई द्यायला सांगितलं. अ‍ॅपवाल्या कंपनीने मात्र, आम्ही केवळ मधले, चालकाशी आमचा संबंध नाही, असं म्हणत वरच्या कोर्टात धाव घेतली आहे. करुणाताई तेही लढत आहेत. शिवराजने मोबाईलवरची भाडी सोडून एका शाळेच्या गाडीवर नोकरी धरली. सुनावणीला तो स्वतःहून आला होता आणि आपण मोबाईल बघत होतो, हे त्याने न लपवता सांगितलं होतं.

सत्यभामाबाईंच्या बोटांत जीव काही आला नाही. निकाल ऐकून त्या करुणाताईंना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, ताई. पण हे ऐकायला आत्याबाई पाहिजे होत्या."

काकासाहेब आता बदलले आहेत. पहाटे उठतात, कणीक मळतात, धुणं वाळत घालतात. शेजारी हसले तर हसू देतात. बायकोशी बसून बोलतात. ती कधी उत्तर देते, कधी देत नाही. तिने आपल्याला सहज माफ करावं, अशी मागणी त्यांनी केलेली नाही. हा शहाणपणा त्यांना उशिरा आला, आणि त्यासाठी एका हाताची व एका आईची किंमत मोजावी लागली!

नागरिकहो, भाड्याच्या गाडीत अपघात झाला तर पोलिसांत नोंद करा, आपसात मिटवून झाकून टाकू नका, वेळेत दावा करा. तो तुमचा हक्क आहे, आणि तुमच्यानंतर त्या गाडीत बसणाऱ्याचं संरक्षणही आहे. पण त्याआधी एक काम आजच करा. त्याला वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाही. तुमच्या घरात जी बाई सकाळपासून राबते आहे, तिच्याजवळ जा आणि तिच्या कष्टांना तिच्यासमोर कष्ट म्हणा. कोर्ट भरपाई देऊ शकतं. पण तिच्या हातात बळ आहे, ऐकायला घरातली माणसं आहेत, तोवर बोलायचा शब्द कोर्ट देऊ शकत नाही. तो आपल्यालाच द्यावा लागतो.