इद्रीसभाईंचा ग्लास

भांड्यावर नाव कशासाठी घालतात, हे हल्ली मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. भांडं परत यावं म्हणून घालतात. हळदीकुंकवाला परात गेली, शेजारच्या लग्नात पातेलं गेलं, आजारी माणसाकडे खिचडीचा डबा गेला, की तो फिरून आपल्याच ओट्यावर यावा, एवढाच त्यातला मतलब. पण आता समोरची मुलगी म्हणते, "आंटी, मला या बॉटलवर 'श्वास घे' असं लिहून हवंय." म्हणजे आठवण करून दिली नाही तर ही विसरणार! लिहून घे बाई, आमचं काय जातंय.

आमचं म्हणजे 'वैजयंती स्टील सेंटर'चं. वाशीच्या मार्केटात सत्तावीस वर्षं उभं आहे. दुकानाला नाव माझं आहे, कारण आमच्या मिस्टरांनी, जयप्रकाशांनी, आयुष्यात तेवढी एकच रोमँटिक गोष्ट केली. आता ते सकाळी हास्यक्लबात मोठमोठ्यानं हसून येतात आणि दुपारी झोपतात. दुकान मी आणि आमचा मुलगा वरद बघतो. मी गल्ल्यावर बघते, तो मोबाईलवर बघतो.

आणि दाराशी डाव्या हाताला, लाकडी स्टुलावर, इद्रीसभाई बसायचे. म्हसळ्याकडचे. दुकान उघडलं त्याच आठवड्यात हा तिशीतला माणूस नाव घालायचं विजेचं पेन पिशवीत घेऊन आला. उर्दू शाळेत शिकलेला, पण देवनागरी अशी काढायचा की बघत राहावं. नमुना म्हणून त्यानं चहाच्या स्टीलच्या ग्लासावर स्वतःचंच नाव घातलं, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि ग्लास मिस्टरांपुढे ठेवला. "उद्यापासून बसा," मिस्टर म्हणाले. त्याच ग्लासातून इद्रीसभाई सत्तावीस वर्षं चहा प्यायले. स्टुलामागच्या फळीवर तो पालथा घातलेला असायचा आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नसे.

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं भांडं पुढे केलं, की नाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "भायेर जानारा का घरान ऱ्हानारा?" बाहेर जाणारं असेल तर नाव काठाखाली, ठळक, लांबून वाचता येईल असं. घरात राहणारं असेल तर तळाशी, बारीक. अर्ध्या वाशीच्या स्वयंपाकघरांत त्यांचं अक्षर आहे. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, कुणाची सेवानिवृत्ती, सगळं त्यांच्या हातचं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरू लागला. पहिल्यांदा मलाच कळलं, कारण भांडं माझं होतं. घरासाठी रव्याचा डबा घेतला होता, त्यावर त्यांनी 'वैजयंती' घातलं आणि शिरोरेघ कोकणातल्या रस्त्यासारखी वरखाली गेली. ते डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाभी, स्टूल हालतोय." स्टूल काही हलत नव्हतं. तरी मी पुठ्ठ्याची घडी करून त्याच्या एका पायाखाली सरकवली. डबा घरी नेऊन मागच्या फळीवर, जुन्या कुकरच्या आड ठेवून दिला.

त्या दिवसापासून ते दोन्ही हातांनी पेन धरू लागले आणि रोज घरी जाताना मला म्हणू लागले, "भाभी, वरदला सांगू नका." सांगण्यासारखं काय होतं? त्यांची मुलगी हादिया लॅबचा कोर्स करत होती. घर या स्टुलावर चाललं होतं. शिवाय हा माणूस दुसरं काही करून जगेल असं मला वाटतही नव्हतं, इतका तो त्या अक्षरांत मुरलेला होता.

मी सांगितलं नाही, पण वरदच एक दिवस लेझर मशीन घेऊन आला.

"मम्मी, लोकांना हातानं केलेलं पाहिजे असतं," तो मला समजावू लागला, "फक्त लवकर पाहिजे असतं." मशीन एका मिनिटात नाव घालतं. पण त्याची अक्षरं सरकारी नोटिशीसारखी, ती कुणाला आवडेनात. तेव्हा वरदनं एक डिझायनर मुलगी गाठली. ती म्हणाली, चाचांच्या अक्षराचा फाँटच बनवू. त्यासाठी जुनी भांडी पाहिजेत. वरदनं घर पालथं घातलं आणि कुकरच्या आडून नेमका तोच डबा काढला. मी नको नको म्हणत होते, पण डिझायनरनं तो डबा लहान बाळासारखा दोन्ही हातांत घेतला. "हाच! याच्यात सोल आहे!"

झालं. इद्रीसभाई दोन वर्षं जे लपवत होते, ते मशीनमध्ये गेलं. फाँटचं नाव ठेवलं 'चाचा'. कोरं करकरीत मशीन पहिल्याच दिवसापासून थरथरायला लागलं आणि सगळी नवी मुंबई आमच्या दाराशी लोटली. पाण्याच्या बाटल्या आल्या, कॉफीचे मग आले, कुत्र्यांचे वाडगे आले. एकीनं एअर फ्रायर उचलून आणला. 'ग्लासही सोडू नको', असं डिझायनर म्हणाली, म्हणून वरदनं इद्रीसभाईंच्या त्या ग्लासाच्याही नकला काढल्या, त्याच 'चाचा' फाँटात, तारखेसकट, सहाचा सेट, वर सुतळीची गाठ. लोक दुसऱ्याच्या नावाच्या ग्लासांतून चहा प्यायला हौसेनं नेऊ लागले.

मग इद्रीसभाईंनी काय करायचं? बसायचं. वरदनं त्यांना खादीचं जाकीट आणलं आणि गोल काड्यांचा चष्मा आणला. "माजी नजर बरी हाय रे," ते म्हणाले. "चाचा, नंबर नाहीये त्याला, लुकसाठी आहे." गिऱ्हाईक भांडं द्यायचं, इद्रीसभाई बंद पेन त्यावर टेकवायचे, गिऱ्हाईक रील काढायचं, आणि भांडं पडद्यामागे मशीनकडे जायचं. दारावर पाटी होती, 'थेट कारागिराच्या हातून'.

मला लाज वाटली का? वाटली. पण गर्दी बघून बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोलू. इद्रीसभाई एवढंच म्हणाले, "बसाया मिलतंय ना, भाभी." मी म्हटलं, हो ना. आणि दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

दरम्यान हादिया नेरूळच्या एका लॅबमध्ये लागली होती. तिनं एक दिवस बापाला धरून नेलं आणि रक्त काढलं. निघालं काय, तर थायरॉईड. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चारेक महिन्यांत हात असा थांबला, की एक दिवस ते सकाळी मिठाईचा पुडा घेऊनच दुकानात आले. चेपलेली एक ताटली उचलली, पेनचं बटण चालू केलं आणि 'हादिया' असं नाव घातलं. शिरोरेघ फूटपट्टीनं आखल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाभी," ते म्हणाले, "आता बटन चालूच ठेवतो." माणूस इतका खूश झालेला मी त्याच्या मुलीच्या रिझल्टलाही बघितला नव्हता.

आणि त्याच दिवशी क्षिप्रा आली. सानपाड्याच्या नव्या टॉवरमध्ये राहते, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिच्या कुत्र्याचा वाढदिवस होता आणि येणाऱ्या कुत्र्यांना रिटर्न गिफ्ट म्हणून वाडगे द्यायचे होते, प्रत्येकाचं नाव घालून. इद्रीसभाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, पहिला वाडगा मांडीवर घेतला आणि विचारलं, "भायेर जानारा का घरान ऱ्हानारा?" तिला काही कळलं नाही. त्यांनी 'ब्रूनो' असं ठळक, सुबक नाव घातलं आणि वाडगा पुढे केला.

क्षिप्रानं तो उलटसुलट करून बघितला. मग नाक मुरडलं. "अंकल, हे मशीनचं आहे."

"मॅडम, आता तुमच्या समोरच केला ना?"

"हो, पण हे मशीनचं वाटतं. मला ते हलतं वालं पाहिजे, हँडमेड." तिनं मोबाईल काढून मैत्रिणीच्या बाटलीचा फोटो दाखवला. त्यावर लेझरनं इमानेइतबारे थरथरून काढलेलं नाव होतं.

वरद धावत आला. फोटो बघितला, वाडगा बघितला आणि अगदी लाडीगोडीनं म्हणाला, "चाचा, हिच्यासाठी जरा थरथर येऊ द्या ना."

इद्रीसभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी अख्ख्या मार्केटात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, कुणालाही मी सोडत नाही. त्या वेळी मात्र मी खाली वाकून बिलबुक शोधू लागले. बिलबुक समोरच होतं.

"वरद," ते शांतपणे म्हणाले, "तीन वरसा मी नमाजाला बसून यकच मागत व्हतो, का यो हात थांबू दे. आता त्याला परत हाल कसा सांगू?"

त्यांनी जाकीट काढून घडी केली. बिननंबरचा चष्मा त्यावर ठेवला. पेनची वायर नीट गुंडाळून पिशवीत टाकली, क्षिप्राला "सॉरी, मॅडम" म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. जाताना फळीवरचा ग्लास तेवढा विसरले.

दुसऱ्या दिवशी वरदनं स्टुलावर ऐरोलीचा एक नट आणून बसवला. त्याला जाकीट घट्ट होतं, पण चष्मा शोभला. सहा तास बिनचूक थरथरतो आणि मध्ये चहालाही थांबत नाही. लोक त्याच्या पाया पडून फोटो काढतात. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले, "काय दिवस आलेत! हात कुठला आणि मशीन कुठलं, एवढंही लोकांना कळत नाही." मिस्टरांना ऐकवलं, शेजारच्या मेडिकलवाल्याला ऐकवलं. बोलून बोलून माझा घसा बसला. इद्रीसभाईंना फोन मात्र केला नाही. काय बोलणार होते?

दोनेक महिन्यांनी कळलं, की ते सानपाड्याला सयाजी केटरर्सच्या गोडाऊनमध्ये बसतात. सयाजीची पातेली दर लग्नात दुसऱ्या केटररच्या पातेल्यांत मिसळतात, म्हणून तो सगळ्यांवर नाव घालून घेत होता. मी ठरवलं, जायचं. नाव घातलेलं भांडं आपल्याकडे राहून गेलं असेल तर ते नेऊन देतात, आणि भांडं रिकामं नेत नाहीत, एवढी रीत मला ठाऊक आहे. फळीवरचा ग्लास उतरवला, पदरानं पुसला, त्यात काठोकाठ साखर भरली, वर कागद बांधला आणि रिक्षात बसले. वाटेत माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली. ग्लास मांडीवर धरला होता, त्यामुळे हिंमत वाटत होती.

गोडाऊनमध्ये इद्रीसभाई पालथ्या पातेल्यावर बसले होते. पेन चालू होतं, हात दगडासारखा स्थिर. मला बघून घाईघाईनं उठले, दुसरं पातेलं पालथं घातलं, रुमालानं पुसून दिलं. "बसा भाभी. हितं विचारावा लागत नाय. समदाच भायेर जानारा." आणि हसले. माझी जुळवलेली वाक्यं त्या हसण्यानंच निम्मी झाली. मी नुसता ग्लास पुढे केला. "तुमचा राहिला होता. म्हटलं, द्यायला हवा."

त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी ग्लास घेतला. साखर एका कागदावर हळूच ओतली. मग ग्लास दाराच्या उजेडाकडे धरला आणि नावावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"भाभी, यो माजा नाय."

"असं कसं? तुमच्याच फळीवरून आणलाय! नाव आहे, तारीख आहे."

"हाय. पन ह्याच्यान हात हाललाय." ते अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले. "तवा माजा हात कुटं हालत व्हता?"

मी ग्लास ओढून घेतला. 'इद्रीस'ची शिरोरेघ वरखाली गेली होती. तारखेचे आकडेसुद्धा थरथरत होते. वरदचे सहा-सहाचे सेट त्याच फळीवर असायचे, हे मला आत्ता आठवलं. खरा ग्लास कधीतरी कुठल्या तरी खोक्यात, पाच नकलांबरोबर सुतळीत बांधला जाऊन, कुणाच्या तरी घरी गेला होता. आणि तो कुणीही परत आणून देणार नव्हतं, कारण त्यांनी तो विकत नेला होता. सत्तावीस वर्षं मी तो रोज डोळ्यांसमोर बघितला होता, मघाशी हा पदरानं पुसलाही होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या, भाभी. साखर खरी हाय ना?" त्यांनी कागदाची पुडी बांधून खिशात ठेवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुडी परत सोडली आणि त्यातली चिमूटभर साखर ग्लासात टाकून तो माझ्या हातात दिला. "रिकामा कसा देऊ? ज्याचा असंल त्याला द्या."

मी गोडाऊनबाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कुठे जायचं. हातात नाव घातलेला ग्लास होता, तळाशी चिमूटभर साखर होती, आणि तो कुणाच्या घरी नेऊन द्यायचा, ते काही मला सुचेना.